पडद्याच्या मागच्या बाजूनं

प्रेमानंद शंभरकरनं एक सिनेमा शेकडो वेळा पाहिला असेल, पण समोरून एकदाही नाही.

इंदोऱ्यातल्या त्याच्या वस्तीत जयंतीच्या आठवड्यात रस्त्यावर दोन बांबू रोवून पांढरं कापड ताणलं जायचं. पुढं माणसं बसायची, आणि त्यांच्याही पुढं पोरं, नाक कापडाला लागेल इतकी जवळ. सिनेमासोबत वाजवणाऱ्या बँडवाल्यांना तिथं जागा नव्हती. एकदा ते पुढं उभे राहिले, तर टोप्यांवरचे तुरे सिनेमात शिरले आणि लोकांनी आरडाओरडा करून त्यांना मागं पाठवलं. तेव्हापासून कापडाची मागची बाजू त्यांची. कापड पातळ होतं. चित्र मागूनही दिसायचं, जरा फिकट, आणि डाव्याचं उजवं झालेलं. कोवळ्या वयात एखादी गोष्ट ज्या बाजूनं दिसते तीच तिची खरी बाजू, असं डोळे धरून चालतात. प्रेमानंदच्या डोळ्यांनीही तेच केलं.

तो कमाल चौकातल्या एका बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचा. लग्नसराईत वराती, आणि मधल्या कोरड्या दिवसांत भैय्याजींचा सिनेमा. भैय्याजी लकडगंजातल्या एका वखारीत कामाला होते. सिनेमा दाखवायचं जुनं मशीन त्यांनी कुठून तरी मिळवलं होतं आणि संध्याकाळी ते हातगाडीवर घालून वस्त्यावस्त्यांतून फिरायचे. त्यांच्याजवळ काही माहितीपट होते, ते कोणी पाहत नसे, आणि एक मुकी विनोदी रीळ होती, तिच्यासाठी सगळे थांबत. रिळीला नाव असेलही, पण सुरुवातीचा तुकडा झिजून गेला होता. लोक तिला ‘शिडीवाला’ म्हणायचे. एक काडीसारखा माणूस, अंगात दुसऱ्याचा वाटावा असा कोट, खांद्यावर लांब शिडी. त्याला ती गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचवायची असते. बस, एवढंच. पण वाटेत जो कोणी हाक मारी त्याच्याकडे तो सभ्यपणे वळून पाही, आणि तो वळला की शिडीचं मागचं टोक कोणाला तरी लागे.

बँड ठेवण्यामागं भैय्याजींचा काही मोठा विचार नव्हता. मशीनची घरघर फार होती, ती ऐकून माणसं पेंगायची. काही तरी वाजवत राहा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी बँडनं वरातीचं गाणं सुरू केलं आणि न थांबता ओढत नेलं. झालं असं, की सिनेमा राहिला बाजूला आणि तरणी पोरं पडद्याकडे पाठ करून नाचायला लागली. भैय्याजी मशीन चालू ठेवून मागं धावत आले.

“वरात आहे का बे ही? थांबत जा ना कुठी तरी. लोकाईले हसाले जागा नाही ठेवून राहिले तुमी.”

ही जागा ठेवणं प्रेमानंदच्या हाताला हळूहळू लागलं. शिडीवाला चालत असला की क्लॅरिनेटवर एक संथ, जरा लाजरी चाल. कोणी हाक मारली की चाल अडखळे. शिडी फिरायला लागली की श्वास आत, आणि मग काहीच नाही. त्या क्षणाला रस्त्यावर फक्त मशीनची घरघर. शिडी लागे, हसण्याची लाट उठे, आणि ती उतरायला लागली की ड्रमवर एकच काठी पडे. लाट पुन्हा उठे. ड्रम बाबारावचा. बाबारावला सिनेमा दिसायचाच नाही, कारण तो पडद्याला पाठ करून प्रेमानंदच्या उजव्या खांद्याकडे पाही. खांदा वर गेला की तयारी, खाली पडला की थांबायचं. इतक्या वर्षांत शिडीवाला दिसतो कसा हेही बाबारावला माहीत नव्हतं, आणि त्याला त्याची फिकीर नव्हती.

हे सगळं बरोबर चालायचं, कन्हानची खाणकामगारांची वसाहत सोडून. तिथं पडद्यापलीकडे कोणी तरी एक बाई शिडी लागायच्या आधीच हसायची. एकटीच. तिला पुढचं माहीत असायचं आणि दम निघायचा नाही. तिच्या हसण्यानं प्रेमानंदचा श्वास सुटायचा, बाबारावची काठी आधीच पडायची. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. खेळ संपल्यावर प्रेमानंद तुऱ्याची टोपी काखेत धरून तक्रार करायला कापडाला वळसा घालून पुढं गेला. ती सिंधू होती, चटईची गुंडाळी करत होती. तक्रार करायची राहून गेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात लग्न झालं तेव्हा बाबाराव सगळ्यांना सांगत होता की यानं बायको कानानं पसंत केली, तोंड नंतर पाहिलं.

मग जे सगळीकडे झालं तेच इथंही झालं. घराघरात टीव्ही आले. वरातींत डीजेच्या गाड्या आल्या, बँडचे लाल कोट दुकानातच विटत गेले. भैय्याजी गेले आणि त्यांच्या मागं मशीन भंगारात गेलं. रीळ कुठं गेली ते कोणाला माहीत नाही. प्रेमानंदनं बरीच वर्षं एका गोदामात पहारेकऱ्याचं काम केलं. क्लॅरिनेट मात्र त्यानं विकलं नाही. दुपारी घर रिकामं असलं की तो ते जोडायचा, वाद्याच्या तोंडाची वेताची पत्ती ओठांत धरून ओली करायचा, आणि काही न वाजवता पुन्हा सुटं करून ठेवायचा. वाजवायला काही तरी समोर हलायला हवं होतं. समोर भिंत होती.

आता तो सत्तरी ओलांडून गेला आहे. वरचे पुढचे दात हलतात. क्लॅरिनेट वाजवताना ते दात वाद्याच्या तोंडावर टेकवावे लागतात, सगळा भार त्यांच्यावर. सदरमधल्या दातांच्या डॉक्टरनं ते काढायचंच ठरवलं होतं, तारीखही दिली होती. कवळी बसवल्यावर वाजवता येईल का, असं प्रेमानंदनं विचारलं. डॉक्टर म्हणाला, जेवता येईल. आणि तो भला माणूस होता, म्हणून त्यानं याहून जास्त काही सांगितलं नाही.

नेमका त्याच आठवड्यात शिडीवाला परत आला.

प्रेमानंदची मुलगी मोनाली वीज मंडळाच्या कार्यालयात आहे. तिथल्या मैत्रिणींबरोबर ती धरमपेठेतल्या एका लहान सभागृहात जुने सिनेमे पाहायला जाते. ते मंडळ उन्मेष घाटे चालवतो. बँकेतून लवकर निवृत्त झालेला, मृदू बोलणारा, जुन्या सिनेमांसाठी गावोगाव पत्ते शोधत हिंडणारा माणूस. एका रविवारी त्यानं पुढच्या खेळाची झलक म्हणून मुक्या विनोदी सिनेमाचा तुकडा लावला. काडीसारखा माणूस, मोठा कोट, शिडी. मोनालीनं तो कधीच पाहिला नव्हता, पण आईवडलांच्या तोंडून इतका ऐकला होता की तिनं उभं राहून सांगितलं, माझे बाबा हा वाजवायचे. हे वाक्य सभागृहात कोणालाच कळलं नाही. उन्मेषला कळलं. दुसऱ्या दिवशी तो इंदोऱ्यात घरी आला.

त्यानं लॅपटॉपवर सिनेमाचा तुकडा दाखवला. त्याला पियानोचं संगीत जोडलेलं होतं. चांगलं होतं, कोणा परदेशी वादकानं मन लावून केलेलं. पण ते धबधब्यासारखं चालू होतं. प्रेमानंद थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला की बोटं लय साफ आहेत याची. उन्मेष म्हणाला, “मलाही आवडतं काका. पण हा सिनेमा आम्ही एकदा या पियानोवर लावला, तेव्हा माणसं हसली नाहीत. हसू आलं होतं, मी पाहिलं. पण निघालं नाही.” तुम्ही वाजवाल का, असं त्यानं विचारलं, आणि नाही जमलं तर काही बिघडत नाही, पियानो आहेच, हेही सांगितलं.

प्रेमानंदनं डॉक्टरची तारीख पुढं ढकलली. खेळ रविवारी, दात सोमवारी. सिंधूताईनं भाकरी बंद केली आणि भात मऊ शिजवायला लागली.

बाबारावला आणायला तो स्वतः पाचपावलीत गेला. बाबारावचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. “तुये दात हलून राहिले, माये पाय,” तो म्हणाला, “आपण दोघं मिळून एक धड माणूस नाही होत गा.” पण ड्रम त्यानं पलंगाखालून लगेच ओढला. कातडं ताणलेलंच होतं.

पहिली तालीम शुक्रवारी झाली, आणि ती वाईट गेली. सभागृहात पडदा भिंतीवर होता. खुर्च्या त्याच्यासमोर मांडलेल्या. दोघं समोर बसले. चित्र सुरू झालं, प्रेमानंदनं चाल धरली. सूर जुना होता, थरथरता, पण होता. शिडीवाला निघाला. पहिली हाक आली. प्रेमानंदचा श्वास आत गेला, आणि शिडी भलत्याच माणसाला लागली. तो थांबला तिथं काही घडलं नाही, आणि घडलं तेव्हा तो वाजवत होता. पोलीस आला तेव्हाही तेच. प्रत्येक गोष्ट अर्धा श्वास आधी किंवा नंतर. विनोदात अर्धा श्वास म्हणजे सगळंच.

त्यात बाबाराव. समोर पडदा असल्यामुळं त्यानं तो सिनेमा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. शिडी पोलिसाच्या टोपीला लागली तसा तो गदगदून हसायला लागला, काठ्या मांडीवर ठेवून. डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, “हे होतं का बे ते? आन् तू मले कधी सांगितलं नाही.”

प्रेमानंदनं क्लॅरिनेट सुटं केलं. उन्मेषला म्हणाला की पियानोच लावा. वय झालं, डोळ्यांचा आणि श्वासाचा मेळ बसत नाही. उन्मेषनं आग्रह केला नाही. उद्यापर्यंत विचार करा, एवढंच म्हणाला, आणि बाबारावचा ड्रम रिक्षापर्यंत उचलून नेला.

घरी आल्यावर प्रेमानंद पायऱ्यांवरच बसला. दिवेलागणीची वेळ होती. अशा वेळी जुन्या वस्तीत आवाज बसत जातात आणि एकेक खिडकी पिवळी होते. त्याला वाटत होतं, आपण जे जपलं ते आपल्याजवळ नव्हतंच. कापडाला होतं ते, भैय्याजींच्या मशीनला. सिंधूताई शेजारी येऊन बसली. काय चुकलं, असं तिनं विचारलं. सगळंच, तो म्हणाला. पोलीस कुठून येतो हेसुद्धा आता ध्यानात राहत नाही.

“टाकीकडून येते ना,” सिंधूताई म्हणाली. कन्हानच्या वसाहतीत पडद्याच्या एका अंगाला पाण्याची टाकी होती.

“टाकीकडूनच. मले काय माहीत नाही का?”

“मंग काहून चुकलं?”

पोलीस कसा येतो ते दाखवायला त्यानं हात उचलला, आणि तिनंही उचलला. दोघं एकाच पायरीवर, एकाच दिशेला तोंड करून बसले होते. तिचा डावा हात वर गेला, त्याचा उजवा. दोघंही तसेच काही क्षण राहिले. समोरून जाणाऱ्या एका पोराला वाटलं की आजी-आजोबा कोणाला तरी निरोप देत आहेत, आणि त्यानं मागं वळून पाहिलं.

आधी सिंधूताईला उमगलं. “तुमी मांगं होते वं बाई,” ती स्वतःलाच सांगावं तशी म्हणाली. “इतके वर्स झाले, आपण दोघं एकच सिनेमा नाही पाहिला.”

मागं दारात येऊन उभ्या राहिलेल्या मोनालीनं तिथूनच उन्मेषला फोन लावला. तो आधी हसला, मग म्हणाला की दोन मिनिटांचं काम आहे. शनिवारी त्यानं एक लॅपटॉप स्टँडवर ठेवून दिला. मोठ्या पडद्यावर चित्र सरळ, लॅपटॉपवर तेच चित्र उलटं. चित्रांच्या मधे येणाऱ्या इंग्रजी मजकुराच्या पाट्याही त्यावर उलट्या दिसत होत्या. त्या प्रेमानंदला वाचता येतील का, अशी उन्मेषला काळजी. “तशाच तर ओळखीच्या आहे,” प्रेमानंद म्हणाला. बाबारावची खुर्ची फिरवून पडद्याला पाठ केली. तो कुरकुरला, आता कुठं कळायला लागलं होतं म्हणाला, पण बसला. या वेळी सगळं जिथल्या तिथं पडलं. अर्ध्यावर प्रेमानंदनं हात वर करून थांबवलं. पुढचं पाठ आहे म्हणाला. खरं म्हणजे दात ठणकत होते, आणि उरलेला दम त्याला रविवारसाठी ठेवायचा होता.

रविवारी सभागृह भरलं. कॉलेजची पोरं, निवृत्त मंडळी, काही आईबाप लहान मुलांना घेऊन. पहिल्या रांगेत मोनाली आणि सिंधूताई. प्रेमानंदनं पांढरा सदरा घातला होता. लाल कोट घाला, असं कोणी तरी सुचवलं होतं, पण त्यानं ते ऐकून सोडून दिलं. दिवे गेले.

चाल सुरू झाली. शिडीवाला मोठ्या पडद्यावर डावीकडून आणि लहान पडद्यावर उजवीकडून चालत आला. पहिली हाक. शिडी फिरायला लागली, क्लॅरिनेट थांबलं, आणि काळोखात ती पोकळी तयार झाली. घरघरीशिवायची, अगदी कोरी. भरल्या सभागृहात अशी पोकळी प्रेमानंदनं कधी ऐकली नव्हती. त्याला भीती वाटली. आणि शिडी लागण्याआधी पहिल्या रांगेतून एकटं हसू आलं. मग शिडी लागली, मग सगळे हसले, आणि लाट उतरताना बाबारावची काठी पडली. मागं कुठं तरी एक लहान मूल थांबेचना.

पुढचा बराच वेळ सगळं छान चाललं. पोलीस येऊन गेला. लग्नाची मिरवणूक आली, शिडी तिच्यातून आरपार गेली. प्रेमानंद वाजवत होता आणि वरचा दात प्रत्येक सुराबरोबर हिरडीत फिरत होता. तोंडाच्या कोपऱ्यातून हवा सुटायला लागली. सूर पातळ झाला. तो ओठ आवळत राहिला.

मग शेवट आला. शिडी जिथं न्यायची असते त्या घरापाशी शिडीवाला पोचतो. वरच्या मजल्यावर एक बाई अडकलेली असते, दार उघडत नसतं, तिच्यासाठी ही शिडी. पण त्याला इतका उशीर झालेला असतो की दार केव्हाच उघडलंय, बाई केव्हाच गेलीय. तो शिडी भिंतीला लावतो तरीही. आणलीच आहे म्हणून. आणि चढायला लागतो. इथं प्रत्येक पायरीला एक सूर, वर वर जाणारा, असा प्रेमानंदचा रिवाज होता. पहिल्या काही पायऱ्या त्यानं वाजवल्या. मग दात जागचा हलला, जिभेवर रक्ताची चव आली, आणि त्यानं क्लॅरिनेट मांडीवर उतरवलं.

त्याचा खांदा पडला. बाबारावला एवढंच दिसत होतं, आणि खांदा पडला म्हणजे थांबायचं. तो थांबला.

पडद्यावरचा माणूस आवाजाविना चढत राहिला. लोकांना ते तसंच असावं असं वाटलं. कोणी खोकलं नाही. प्रेमानंदला आता लॅपटॉपमध्ये पाहायचं कारण उरलं नव्हतं. त्यानं रुमाल तोंडाला लावला, मान वर केली आणि मोठ्या पडद्याकडे पाहिलं. माणूस मोठा होता. कोटाचं एक बटण तुटलेलं होतं, ते कापडातून कधी दिसलं नव्हतं. चेहऱ्यावर भाव होता की नव्हता हे सांगता येत नव्हतं. तो खिडकीतून आत गेला, रिकाम्या खोलीत वळला, बाहेर डोकावला, आणि सभ्यपणे डोकावताना त्याच्या कोपराचा धक्का शिडीला लागला. शिडी भिंतीपासून सुटली, हवेत जरा उभी राहिली, आणि पडली.

या खेपेला सिंधूताई आधी हसली नाही. ती पडद्याकडे पाहतच नव्हती, नवऱ्याच्या तोंडाजवळच्या रुमालाकडे पाहत होती. बाकीचं सभागृह हसलं, खूप हसलं, आणि रुमालाच्या आड प्रेमानंदही हसायला लागला, खांदे हलवून, दुखत असताना. ते खांदे पाहून बाबाराव गोंधळला. असा इशारा त्यांच्या कामात नव्हता. तो पुढं वाकला आणि कुजबुजला.

“काय झालं बे?”

“शिडी पडली.”

“मंग हाणू का एक?”

प्रेमानंदनं मान हलवली. वर खिडकीत तो माणूस आता खाली पाहत कोपर टेकून बसला होता, घाई नसल्यासारखा.

“राहू दे गा,” तो म्हणाला. “खुर्ची फिरव आन् पाहाय.”